समान वाटा, समान मत

(सहकारी गृहनिर्माण संस्था कशी चालते, हे आपण आपल्या इमारतीत पाहतो. अनेक देश एकत्र येऊन आपली बँक काढतात, तेव्हा तेथेही तसेच प्रश्न उभे राहतात. पैसा कोणी किती घालायचा? मत कोणाला किती? घेतलेले कर्ज कोण फेडणार? 'ब्रिक्स' या देशांच्या गटाची माहिती देऊन या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत पाठात शोधली आहेत.)



मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले, की दहिसरनंतर मीरा रोड आणि मग भाईंदर ही स्थानके लागतात. त्यापुढे वसईची खाडी आहे. भाईंदर पूर्वेला उतरले, की नवघर, गोडदेव, खारी ही जुन्या गावांची नावे आजही ऐकू येतात. शहराच्या कडेला मिठागरे आहेत. पण गावांच्या जागी आता इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. एवढी माणसे एवढ्या थोड्या काळात आली, की पाणी, रस्ते, गाड्या सारेच अपुरे पडते. सकाळच्या वेळी भाईंदर स्थानकावर उभे राहिले, म्हणजे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

येथील बहुतेक इमारतींच्या फाटकावर एक पाटी असते. इमारतीच्या नावापुढे 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असे शब्द लिहिलेले असतात. या शब्दांचा अर्थ आधी समजून घेऊ.

सहकारी संस्थेत सभासद एकत्र येऊन आपला कारभार आपणच पाहतात. समजा, गच्चीतून पाणी गळते आहे. दुरुस्तीला मोठा खर्च येणार आहे. मग सर्वसाधारण सभा भरते. एका खोलीत राहणारा सभासद तेथे येतो, तसाच तीन खोल्यांचा मालकही येतो. हिशेब मांडला जातो, वाद होतात आणि शेवटी हात वर करून मत दिले जाते. त्या वेळी कोणाची जागा किती मोठी आहे, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक सभासदाला एकच मत असते. महाराष्ट्रात १९६० साली झालेल्या सहकारी संस्थांच्या कायद्यानेच ही गोष्ट ठरवून दिली आहे.

खाजगी कंपनीत असे नसते. तेथे ज्याचे भाग जास्त, त्याची मते जास्त. ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक भाग असतात, त्याचेच म्हणणे चालते. बाकीचे भागधारक सभेला आले काय आणि न आले काय, निर्णय बदलत नाही.

'जितका पैसा तितकी मते' आणि 'प्रत्येकाला एक मत' अशा या दोन रीती झाल्या. त्या नीट लक्षात ठेवा. पुढची सारी हकिकत त्यांच्यावरच आधारलेली आहे.

माणसांप्रमाणे देशांनाही कर्ज काढावे लागते. धरण, रेल्वे, वीजकेंद्र, पाण्याच्या मोठ्या नळयोजना यांना लागणारा पैसा एका वर्षाच्या करातून उभा राहत नाही. तो पैसा आज घ्यावा लागतो आणि पुढे अनेक वर्षे थोडाथोडा फेडावा लागतो. पण देशांना कर्ज देणार कोण?

दुसरे महायुद्ध संपत आले होते, तेव्हा १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ब्रेटन वुड्स या गावी ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोन संस्थांचा पाया तेथे घातला गेला. विकासकामांसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणे हे बँकेचे काम ठरले. परकीय चलनाच्या अडचणीत सापडलेल्या देशाला मदत करणे हे नाणेनिधीचे काम ठरले.

भारत तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. तरीही भारताचे शिष्टमंडळ तेथे गेले होते. त्याचे प्रमुख इंग्रज अधिकारी होते. पण त्यात चिंतामणराव देशमुख हेही होते. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. नाणेनिधीत प्रत्येक देशाचा हिस्सा ठरवण्यात आला. अमेरिकेचा हिस्सा २७५ कोटी डॉलर, ब्रिटनचा १३० कोटी डॉलर आणि भारताचा ४० कोटी डॉलर ठरला. हा हिस्सा वाढवून मिळावा, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधींनी धरला होता. हिस्सा म्हणजे केवळ वर्गणी नव्हती, हे त्यांना माहीत होते. ज्याचा हिस्सा मोठा, त्याची मते जास्त, अशी ती रचना होती.

ही रचना आजही तशीच आहे. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. गणित करून पाहा. बाकीचे सारे देश एकत्र आले, तरी अमेरिकेच्या संमतीवाचून असा निर्णय होत नाही. जगातील दर सहा माणसांमागे एक माणूस भारतात राहतो. पण नाणेनिधीत भारताची मते तीन टक्केही नाहीत. जागतिक बँकेचा अध्यक्षही आजवर अमेरिकेचाच नागरिक होत आला आहे. पुण्याजवळ खडकीला जन्मलेले अजय बंगा २०२३ मध्ये या बँकेचे अध्यक्ष झाले, याचा आपल्याला आनंद वाटतो. पण त्यांचे नाव अमेरिकेने सुचवले होते आणि ते अमेरिकेचे नागरिक आहेत.

यावरून या संस्थांनी भारताचे भले केले नाही, असे समजू नका. त्यांच्या पैशातून आपल्याकडे अनेक कामे झाली आहेत. प्रश्न निर्णयाच्या अधिकाराचा आहे. अडचणीच्या वेळी हा प्रश्न किती बोचतो, याचा अनुभव भारताने १९९१ मध्ये घेतला.

त्या वर्षी देशाकडील परकीय चलन जवळजवळ संपत आले होते. काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेच डॉलर शिल्लक होते. खनिज तेल परदेशातून आणावे लागते आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. डॉलर संपले, तर तेल कोठून येणार? तेव्हा जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपान यांच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवले. ते सोने मुंबईहून विमानाने देशाबाहेर गेले. घरात दुखणे आले, की आई आपल्या बांगड्या गहाण ठेवते. तसाच हा प्रसंग होता. नाणेनिधीकडूनही कर्ज घ्यावे लागले आणि कर्जाबरोबर अटीही आल्या. त्या अटींतून झालेले काही बदल देशाला लाभाचे ठरले, तर काहींविषयी आजही मतभेद आहेत. एवढे मात्र खरे, की अटी घालणाऱ्या सभेत आपला आवाज लहान होता.

अशीच स्थिती इतरही काही मोठ्या देशांची होती. त्यांची लोकसंख्या मोठी होती, शेती व कारखानदारी वाढत होती. पण जगाच्या कारभारात त्यांना पुरेसे स्थान नव्हते. अशा देशांना उदयोन्मुख अर्थव्यवस्था म्हणतात. उदयोन्मुख म्हणजे उदयाला येत असलेली. २००१ मध्ये जिम ओनील या अर्थतज्ज्ञाने ब्राझील, रशिया, इंडिया आणि चायना या चार देशांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरे जोडून 'ब्रिक' हा शब्द तयार केला. पुढील काळात हे देश वेगाने वाढतील, असे त्याचे म्हणणे होते. शब्द बाहेरच्या माणसाने दिला होता. पण त्या देशांना तो पटला. २००६ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री एकत्र बसू लागले. जून २००९ मध्ये रशियातील येकातेरिनबुर्ग शहरात चारही देशांच्या प्रमुखांची पहिली शिखर परिषद झाली. २०१० च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेला या गटात घेण्याचे ठरले आणि 'ब्रिक'चे 'ब्रिक्स' झाले. या पाच देशांत मिळून जगातील दर पाच माणसांपैकी दोन माणसे राहत होती.

ब्रिक्सला लेखी घटना नाही. त्याचे कायमचे कार्यालयही नाही. दरवर्षी एक देश यजमान होतो आणि त्या वर्षाचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते. २०२६ या वर्षाचे अध्यक्षपद भारताकडे आले आहे. निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. त्यामुळे कामाला वेळ लागतो; पण कोणावर काही लादता येत नाही.

२०१२ साली ही परिषद नवी दिल्लीत भरली. आपण विकासकामांसाठी स्वतःची बँक का काढू नये, ही कल्पना भारताने तेथे मांडली. दोन वर्षे चर्चा झाली. जुलै २०१४ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा शहरात करारावर सह्या झाल्या आणि पुढच्या वर्षी 'न्यू डेव्हलपमेंट बँक' म्हणजे नवी विकास बँक सुरू झाली.

या बँकेत मते कशी वाटायची, हा मोठा प्रश्न होता. त्या वेळी चीनची अर्थव्यवस्था भारताच्या सुमारे पाचपट होती आणि दक्षिण आफ्रिकेच्या पंचवीसपटींहून मोठी होती. जितका पैसा तितकी मते, ही रीत धरली असती, तर बँक चीनचीच झाली असती. म्हणून पाचही देशांनी सारखाच वाटा घ्यावा, असे ठरले. प्रत्येकाने १० अब्ज डॉलरची जबाबदारी घेतली. (एक अब्ज म्हणजे १०० कोटी.) त्यापैकी २ अब्ज डॉलर हप्त्याहप्त्याने प्रत्यक्ष भरायचे होते. उरलेले ८ अब्ज बँक अडचणीत आली आणि तिने मागितले, तर द्यायचे होते. वाटा समान असल्यामुळे मतही समान झाले. नकाराधिकार कोणालाच मिळाला नाही.

मानाच्या जागाही वाटून घेतल्या गेल्या. मुख्यालय चीनमध्ये शांघायला झाले. पहिला अध्यक्ष भारताने द्यायचा ठरले. त्याप्रमाणे मुंबईच्या आय.सी.आय.सी.आय. बँकेचे प्रमुखपद सांभाळलेले के. व्ही. कामत हे २०१५ ते २०२० पर्यंत अध्यक्ष होते. गव्हर्नर मंडळाचे पहिले प्रमुखपद रशियाकडे, संचालक मंडळाचे ब्राझीलकडे आणि आफ्रिकेतील विभागीय कार्यालय दक्षिण आफ्रिकेकडे गेले. आपल्या इमारतीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडताना एकाच मजल्यावरची सारी माणसे घेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

आता ही बँक आपल्या परिसरात कशी पोहोचली, ते पाहू.

भाईंदरहून रेल्वेने दोन स्थानके दक्षिणेला गेले, की दहिसर येते. दहिसर पूर्वेहून मुंबई मेट्रोची मार्गिका ७ सुरू होते आणि महामार्गावरून अंधेरीजवळच्या गुंदवली स्थानकापर्यंत जाते. दहिसरहूनच मार्गिका २अ ही अंधेरी पश्चिमेकडे जाते. या दोन मार्गिका आणि त्यांना पुढे जोडणारी मार्गिका २ब यांच्यासाठी ब्रिक्स देशांच्या बँकेने २०१८ मध्ये २६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आशियाई विकास बँकेनेही याच मार्गिकांसाठी २०१९ मध्ये ९२ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज दिले. मार्गिका ७ व २अ यांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि उरलेला जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणारी मार्गिका ९ ही मार्गिका ७ चाच पुढचा भाग आहे. तिच्या दहिसर ते काशीगाव या भागावर मे २०२५ मध्ये गाडीची चाचणी घेण्यात आली.

बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कोणी पैशांची पेटी आणून देत नाही. हे कर्ज भारत सरकार घेते. त्यातून पैसा राज्याला आणि राज्याकडून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला मिळतो. काम जसजसे पुढे जाते, तसतशी रक्कम मिळते. अशी कर्जे साधारणपणे वीस-पंचवीस वर्षांत व्याजासह फेडायची असतात. ती तिकिटाच्या पैशातून आणि लोकांच्या करातून फेडली जातात. शाळेत असताना तुम्ही ज्या गाडीत बसाल, तिचे काही हप्ते तुम्ही कमावते झाल्यावर भरले जातील.

येथे आणखी एक अडचण आहे. कर्ज डॉलरमध्ये असते आणि आपली कमाई रुपयांत असते. २०१८ मध्ये एका डॉलरला सुमारे ७० रुपये पडत होते. त्या दराने २६ कोटी डॉलर म्हणजे १,८२० कोटी रुपये होतात. २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे ८४ रुपये पडू लागले. या दराने तीच रक्कम २,१८४ कोटी रुपये होते. प्रत्यक्षात रक्कम टप्प्याटप्प्याने येते आणि जाते, म्हणून हिशेब इतका सरळ नसतो. पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. एकही डॉलर जास्त न घेता कर्जाचे रुपये वाढतात.

यावर उपाय म्हणून सभासद देशांच्या स्वतःच्या चलनात अधिक कर्जे द्यावीत, असे या बँकेने ठरवले. २०२२ ते २०२६ या काळात ३० टक्के कर्जे अशी असावीत, हे उद्दिष्ट तिने ठेवले. त्यासाठी तिने २०१६ मध्ये चीनच्या युआनमध्ये आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रँडमध्ये रोखे विकून पैसा उभारला. तरीही डॉलरचे महत्त्व अजून कमी झालेले नाही. सवय मोडायला वेळ लागतो, मग ती माणसाची असो की बाजाराची.

१९९१ सारखे संकट पुन्हा आले तर काय करायचे, याचाही विचार फोर्तालेझा येथे झाला. पाच देशांनी १०० अब्ज डॉलरची राखीव गंगाजळी ठेवण्याचा करार केला. तिची रीत समजण्यासाठी भिशी आठवा. तुमच्या घरी कदाचित तिला 'बीसी' म्हणत असतील. भिशीत सर्वजण दरमहा सारखी रक्कम जमा करतात आणि पाळीपाळीने उचलतात. या गंगाजळीत पैसा एका जागी जमा होत नाही. तो ज्याच्या त्याच्या बँकेतच राहतो. कोणी अडचणीत आला, तर द्यायचे वचन मात्र असते. येथे वाटेही समान नाहीत. चीनने ४१ अब्ज, भारत, ब्राझील व रशिया यांनी प्रत्येकी १८ अब्ज आणि दक्षिण आफ्रिकेने ५ अब्ज डॉलरचे वचन दिले आहे. शिवाय मोठी रक्कम उचलायची असेल, तर त्या देशाचा नाणेनिधीशीही करार असावा लागतो. म्हणजे जुनी व्यवस्था मोडलेली नाही. तिच्या जोडीला दुसरे दार उघडले आहे.

पैशाशिवाय इतर कामांतही हे देश एकमेकांना साहाय्य करतात. १५ व १६ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रिक्सची आठवी शिखर परिषद आपल्या शेजारच्या गोव्यात भरली होती. शेतीच्या संशोधनासाठी एक सामाईक व्यासपीठ उभारण्याचा करार तेथे झाला. त्याच महिन्यात गोव्यात या देशांच्या सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धाही झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये पाच देशांच्या अवकाश संस्थांनी आपापल्या उपग्रहांची माहिती एकमेकांना देण्याचा करार केला. पूर, दुष्काळ आणि हवामानातील बदल यांचा अभ्यास करण्यास अशी माहिती उपयोगी पडते.

मित्रांनो, एवढे वाचून या देशांत सारे काही गोडीगुलाबीने चालते, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. भारत व चीन यांच्यात सीमेचा जुना वाद आहे. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात दोन्ही देशांच्या सैनिकांत चकमक झाली आणि आपले वीस जवान शहीद झाले. त्यानंतरही दोन्ही देश एकाच बँकेचे सभासद राहिले. २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा बँकेने रशियातील नवे व्यवहार थांबवले. रशिया संस्थापक होता. तरी बँकेला आपली पत सांभाळणे भाग होते. जगातील सावकारांचा विश्वास उडाला असता, तर इतर सभासदांचीही कामे अडली असती.

आता या गटात अधिक देश आले आहेत. २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण व संयुक्त अरब अमिराती आणि २०२५ मध्ये इंडोनेशिया हे देश ब्रिक्समध्ये आले. बँकेचे सभासदत्व मात्र वेगळे असते. बांगलादेश ब्रिक्समध्ये नाही. पण २०२१ पासून तो बँकेचा सभासद आहे. बँकेच्या नियमाप्रमाणे पाच संस्थापक देशांची मते मिळून ५५ टक्क्यांच्या खाली जात नाहीत आणि नंतर आलेल्या कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक मते मिळत नाहीत. ज्यांनी मोठ्या देशांकडे समान मत मागितले, त्यांनीच नव्या सभासदांना लहान मत दिले, असे येथे कोणी म्हणू शकेल. हा नियम योग्य आहे का, याचा तुम्ही वर्गात जरूर विचार करा.

या पाठात कर्ज, हिस्सा, हप्ता, मंजूर, रक्कम, करार, हिशेब असे कितीतरी शब्द आले. ते तुम्हांला आधीपासून माहीत होते, कारण उर्दू आणि मराठी या भाषांनी ते वाटून घेतले आहेत. व्यवहार एकमेकांशी होतो, तेव्हा शब्दही एका घरातून दुसऱ्या घरात जातात. 'हप्ता' शब्दाचीच गंमत पाहा. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत हप्ता म्हणजे ठरलेल्या मुदतीने भरायची रक्कम.

समान मत मिळाले, की काम संपत नाही. सभेला जाणे, हिशेब वाचणे, न पटलेली गोष्ट बोलून दाखवणे आणि ठरलेली वर्गणी वेळेवर भरणे, ही सभासदाची कामे आहेत. इमारतीची सभा असो, महानगरपालिकेची निवडणूक असो किंवा देशांची बँक असो, जो गैरहजर राहतो त्याचे मत असून नसल्यासारखेच. मेट्रोचे कर्ज कोणी मागितले, किती मागितले, ते कशावर खर्च झाले, हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. कारण फेडणाऱ्यांत उद्या तुमचेही नाव असणार आहे.

शब्दार्थ

सभासद – सदस्य, रुक्न
उदयोन्मुख – उदयाला येत असलेला
शिष्टमंडळ – प्रतिनिधींचा गट
तारण – कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू
व्याज – सूद
नकाराधिकार – एकट्याच्या नकाराने निर्णय रोखण्याचा अधिकार
रोखे – कर्ज उभारण्यासाठी विकलेली कागदपत्रे
गंगाजळी – अडचणीसाठी राखून ठेवलेला पैसा
पत – बाजारातील विश्वास
यजमान – मेजवान, पाहुण्यांना बोलावणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सहकारी संस्थेत एका सभासदाला किती मते असतात?
(आ) ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेलेल्या रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे नाव काय?
(इ) 'ब्रिक'चे 'ब्रिक्स' केव्हा व कशामुळे झाले?
(ई) नव्या विकास बँकेचे मुख्यालय कोठे आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १९९१ मध्ये भारताला सोने तारण का ठेवावे लागले?
(आ) पाच देशांनी बँकेत समान वाटा का घेतला?
(इ) डॉलर महागला, की कर्जाचा बोजा कसा वाढतो?

प्र. ३. भिशी आणि ब्रिक्सची राखीव गंगाजळी यांतील फरक सांगा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
पाया घालणे, भाग असणे, आग्रह धरणे, अपुरे पडणे

प्र. ५. अनेकवचन लिहा.
संस्था, बँक, हप्ता, इमारत, सभा

उपक्रम : आपल्या इमारतीच्या किंवा वस्तीच्या एका सभेत काय ठरले, ते मोठ्या माणसांना विचारा आणि पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहा.